तलावाकडे उतरणारी वाट

कार्तिकात आमच्या गावच्या तलावाचं पाणी मागे सरू लागलं, की उघड्या पडलेल्या गाळाला एक थंड, किंचित कुजका, तरीही मन धरून ठेवणारा वास येतो. दारव्ह्याकडचा वारा तो थेट नगर परिषदेच्या खिडकीत आणून सोडतो आणि नकाशावर वाकलेला माझ्यासारखा आरेखक क्षणभर पेन्सिल थांबवतो. जलाशयाचा काठ नेमका कुठे सुरू होतो? ऋतूगणिक सरकणाऱ्या त्या ओल्या सीमेला मी वर्षानुवर्षं एकाच निळ्या रेषेत बांधत आलो आणि त्या रेषेबद्दल मला कधी शंकासुद्धा आली नाही!

गेल्या वर्षी तलावाभोवती फिरायचा रस्ता करायचं ठरलं. रस्त्याच्या बाहेरच्या अंगाने लोखंडी कठडा, बसायला बाकं, शहराच्या बाजूने एक देखणं प्रवेशद्वार. सारं मीच कागदावर उतरवलं. हरकती मागवल्या, सुनावणी लावली आणि सुनावणीला एकच बाई आली: पलीकडच्या तांड्यावरच्या जमनाबाई. भिंतीवरच्या नकाशापुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची वाट कोठी हाय याच्यात?"

"त्या बाजूला वाटेची नोंदच नाही, बाई," मी म्हणालो.

"नोंद नसन, भाऊ. पन आमचा बुढा रोज त्याच वाटेनं पान्यावर जाते. त्याले दिसत नाई. तुमच्या गेटातून यायचं म्हनलं त मोठ्या सडकेनं या लागन. टरकाच्या रस्त्यानं त्याले एकटं कसं धाडू?"

मुख्याधिकाऱ्यांनी मला पाहणी करायला सांगितलं आणि पुढची फाइल उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन तांड्यावर गेलो. जमनाबाईंचे ते अंध म्हातारे, हरसिंगबाबा, अनवाणी उभे होते, काठी काखेत. "मोजा," ते म्हणाले, "पन माह्या पुढं नोका येऊ." आणि ते चालू लागले. बाभळीच्या मुळापाशी त्यांचं पाऊल आपसूक उचललं गेलं, खडकाळ वळणावर ते जरासे डावीकडे कलले, आणि उतार लागताच त्यांनी मागे वळून मला, डोळस माणसाला, बजावलं, "इथं जपून, साहेब."

पाण्यात पाय सोडून ते बसले. दूरवर पाणकोंबडी ओरडली, तिकडे त्यांनी चेहरा वळवला. मग म्हणाले, "डोये गेले तवापासून कोनीतरी हात धरते, ताट देते, खाटीवर बसवते. येवढं एकच हाय, एकट्यानं जायाचं."

'सार्वजनिक' हा शब्द मी किती नकाशांवर सुबक अक्षरांत लिहिला असेन! त्या शब्दात कोण कोण मावतं, हे पाहायला मी टेबल सोडून कधी उठलो होतो? करुणेपेक्षा मला त्या वेळी संकोचच अधिक वाटला, हे प्रांजळपणे सांगतो.

अहवालात मी वाट तिच्या साऱ्या वळणांसकट काढली. कठड्यात मोकळी जागा ठेवावी, माती आणि दगड हलवू नयेत, वर गुळगुळीत फरशी घालू नये, असं लिहिलं. फरशीवरून दोन सभांमध्ये वाद झाला. "एका माणसासाठी काम ओबडधोबड ठेवायचं?" असं विचारलं गेलं. त्यांच्या पायांना वाट कळते ती त्या दगडांमुळेच, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगितलं. अखेर वाट तशीच राहिली. फक्त दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून कठड्यातली जागा अगदी अरुंद ठेवली गेली.

काम झाल्यावर एका संध्याकाळी नवा कठडा बघायला जमनाबाईही निघाल्या; पुढे हरसिंगबाबा आणि मागोमाग त्या नि मी, असे आम्ही तांड्याच्या बाजूने उतरलो. नव्या कठड्यापाशी हरसिंगबाबा थांबले, दोन्ही हात पसरून त्यांनी लोखंडाचे खांब चाचपले आणि हसले. "एकाच मानसाची हाय. समोरून कोनी आलं त थांबा लागन."

"थांबू ना," जमनाबाई म्हणाल्या. "आपल्याले कायची घाई हाय?"

पलीकडून, फिरायच्या रस्त्यावरून, तेवढ्यात शहरातली एक बाई झपझप चालत आली आणि त्या खांबांपाशी घुटमळली. कुणी आधी जायचं, तिला कळेना. हरसिंगबाबांनी पावलांचा आवाज ऐकला, बाजूला सरले आणि हाताने तिला वाट दाखवली.