फोटोत आचारी नसतो

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. माझी शाळा हिंदीत झाली, कॉलेजही हिंदीतच चाललं आहे, आणि मराठी मला आली ती आईच्या पोळपाटापाशी बसून. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहून झालेलं वाचायला द्यावं असंही कुणी नाही. चुका असतील, मधेच हिंदी शिरलं असेल. तरी लिहितो आहे, कारण नुकत्याच सरलेल्या पितृपक्षातले ते दिवस एकदा कागदावर उतरवल्याशिवाय मला दुसऱ्या कशात लक्ष घालता येईल असं वाटत नाही.

मी उज्जैनला क्षिप्रेवर एका नावेत राहतो. असं सांगितलं की वर्गातली मुलं म्हणतात, "वा भिया, काश्मीर के मजे." तसं काही नाही. यात्रेकरूंना फिरवायची जुनी नाव आहे. वर पत्र्याचं छत, खाली समोरासमोर दोन लांब बाकं. एका बाकावर मी झोपतो, दुसऱ्यावर कॅमेरा, छोटा प्रिंटर, स्टोव्ह आणि पुस्तकं. नदीच्या बाजूला भैरवगढची छापील चादर पडदा म्हणून लावली आहे. छत इतकं खाली आहे की आत ताठ उभं राहता येत नाही. पहिल्या महिन्यात डोक्याला सारखी टेंगळं यायची. आता पाठ आपोआप वाकते, इतकी की कॉलेजात जिना चढतानाही मी वाकलेला असतो, असं एकाने मला सांगितलं.

नाव ज्यांची आहे त्यांना मी दादा म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणारे, पण गुडघे गेल्यापासून देवास गेट ते मंदिर अशी ई-रिक्षा चालवतात. रिकामी नाव पाणी धरते, कुजते. तिच्यात राहून रोज पाणी उपसणारा कुणीतरी त्यांना हवा होता आणि मला छप्पर हवं होतं. दोघांचं जमलं.

क्षिप्रा म्हणायला नदी. उन्हाळ्यात तिच्यात नर्मदेचं पाणी आणून सोडतात, तोवर ती बांधांच्या मध्ये कालव्यासारखी गप्प पडून असते. पाणी उतरलं की नाव गाळात कलते आणि मी उशी वरच्या बाजूला घेऊन झोपतो. एखाद्या सकाळी जाग येते तर नाव सरळ झालेली असते. म्हणजे पाणी सोडलं, म्हणजे उद्या काहीतरी स्नान आहे, म्हणजे मला काम आहे. पंचांग बघायची गरज पडत नाही.

माझं काम घाटावर फोटो काढायचं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना माझ्याकडून कोण फोटो काढून घेतं, असं लोक विचारतात. ज्यांना सगळेच फोटोत हवे असतात ते. मोबाइलवाला एक माणूस नेहमी बाहेर राहतो. नवरा बायकोचा काढतो, बायको नवऱ्याचा काढते, दोघांचा एकत्र मी काढतो. आणि यात्रा कंपन्यांचे ग्रुप फोटो. महाराष्ट्रातून बस येते, स्नान झालं की सगळे पायऱ्यांवर ओळीने बसतात. पुढे म्हाताऱ्या बायका, मागे उभे पुरुष, मधे कंपनीचा कापडी फलक. मी म्हणतो, "काकू, पदर तोंडावरून बाजूला घ्या. आजोबा, इकडे, कॅमेऱ्याकडे." मराठी ऐकून ते खूश होतात. अर्धा तास मी कुणाचा तरी नातू असतो, कुणाचा पुतण्या असतो. कुठला रे तू, लग्न झालं का, आई काय करते. मग प्रिंट हातात पडते, बस भरते आणि घाटावर ओले पाय उमटलेले राहतात, तेही वाळतात. मला या कामातला तो वाळायचा वेळ सगळ्यात जड जातो.

माझे बाबा अशाच एका यात्रा कंपनीत आचारी आहेत. सहावीपर्यंत शिकले. वर्षातले नऊ-दहा महिने रस्त्यावर असतात. वर्षातून काही वेळा त्यांची फेरी उज्जैनवरून जाते. बस गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये थांबते, प्रवासी घाटावर येतात, आणि बाबा तिथेच जमिनीवर शेगडी मांडून वाकून भाज्या चिरतात, कारण स्नान करून आलेल्यांना भूक लागलेली असते. मी प्रवाशांचा ग्रुप फोटो काढून प्रिंट द्यायला पार्किंगमध्ये जातो, आणि बाबा मला प्रवाशांच्या ओळीत बसवून वाढतात. बोलणं एवढंच होतं.

"कॉलेज?"

"चालू आहे."

"अजून भात घे."

त्यांच्या कंपनीचे किती ग्रुप फोटो मी काढले असतील, पण एकातही बाबा नाहीत. फोटोत आचारी नसतोच, कारण त्या वेळी तो स्वयंपाक करत असतो. एकदा मी कॅमेरा घेऊन शेगडीपाशी गेलो तर म्हणाले, "धूर जाईल भिंगात. जा, गिऱ्हाईक बघ."

आई गेली तेव्हा मी बारावीत होतो. त्यानंतर काही महिने आम्ही भाड्याची खोली ठेवली. मग बाबाच म्हणाले, "मी रस्त्यावर, तू कॉलेजात. कुलपाला राहायला खोली कशाला?" भांडी एका पोत्यात भरून दादांच्या घरी ठेवली. ती अजून तिथेच आहेत. नाव बाबांनी एकदाच बघितली, तीही घाटाच्या वरच्या पायरीवरून. खाली या म्हटलं तर शेगडीवर डाळ होती. "वरून बरी दिसते," म्हणाले आणि गेले. त्यांनी एकदा आत यावं, बाकावर बसावं, मी केलेला चहा प्यावा, एवढीच माझी इच्छा होती. पितृपक्षाच्या आधी फोनवर ते म्हणालेही, "ही डोंगराची फेरी झाली की येतो. सुट्टी काढूनच येतो. तुझ्याशी बोलायचं आहे."

काय बोलायचं ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आमच्यात तसं विचारत नाहीत.

मग फोन लागेना. डोंगरात कव्हरेज नसतं, म्हणून मी दोन दिवस काही मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी चालू होती: वरच्या रस्त्यावर दरड कोसळली, यात्रेकरूंच्या गाड्या अडकल्या. गावाचं नाव ऐकलं आणि कप खाली ठेवला. त्याच रस्त्यावर बाबांची बस होती.

कंपनीच्या ऑफिसात फोन केला. एक बाई बोलल्या. आवाजावरून खूप जणांशी बोलून थकलेल्या वाटल्या.

"प्रवासी सगळे सुखरूप आहेत. तुमचं कोण?"

"माझे वडील. आचारी आहेत."

"अच्छा, स्टाफ. स्टाफचं मॅनेजरला विचारावं लागेल. माझ्याकडे प्रवाशांचंच आहे."

मॅनेजरचा फोन बंद. मला भीती वाटली त्याला कारण होतं. डोंगरात भांड्यांचा टेम्पो बसच्या पुढे जातो. बस मुक्कामाला पोचेपर्यंत स्वयंपाक तयार हवा म्हणून आचारी पहाटेच निघतात. म्हणजे बस दरडीच्या अलीकडे थांबली असली, प्रवासी सुखरूप असले, तरी त्यावरून बाबांचं काहीच कळत नव्हतं.

संध्याकाळी कंपनीने एक फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, आपले सर्व यात्रेकरू आनंदात आहेत. एका धर्मशाळेचा हॉल, भिंतीला टेकून बसलेली माणसं, हातात ताटं, एक काका अंगठा वर करून. मी तो मोठा करून कोपरा न्‌ कोपरा बघितला. दारात, खिडकीत, मागच्या सावलीत. बाबा नव्हते. असणार नव्हतेच. मग माझं लक्ष ताटांकडे गेलं. भाताच्या मुदीत लिंबाची फोड उभी खोचलेली होती. सगळ्यांच्याच.

ही बाबांची सवय आहे. यात्रेत ताट हातात धरून जेवतात, लिंबू कडेला ठेवलं तर घरंगळतं, म्हणून ते भातात खोचतात. मी दुसऱ्या कुणाला तसं करताना बघितलेलं नाही. म्हणजे ते तिथेच होते, त्या हॉलच्या मागे कुठेतरी, भांडी घासून घेत.

मी तसाच पळत देवास गेटला गेलो. दादा रिक्षात सवारीची वाट बघत होते. त्यांना फोटो दाखवला, लिंबू दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"हौ, बढ़िया है भिया," म्हणाले. "पर फोटू कब का है?"

मी फोटोचं काम करतो, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. परत बघितलं. खिडकीतून ऊन येत होतं. बातमीतल्या डोंगरात त्या दिवशी पाऊस होता. दादांनी मला रिक्षात बसवलं, सवारी न घेताच घाटापर्यंत आणून सोडलं. उतरताना म्हणाले, "खाना हमारे याँ खा लेना." मी हो म्हटलं आणि गेलो नाही.

पितृपक्षात घाटावर गर्दी असते, पण फोटोला कुणी थांबत नाही. मुंडन केलेली माणसं, पिंड, काळे तीळ, दर्भ. मी नावेत बसून पाणी उपसायचो. उपसून झालं तरी उपसायचो. फोन छताच्या कडीला टांगून ठेवला होता, तिथे रेंज बरी येते. एक दिवस नाही राहवलं म्हणून घाटावर गेलो. आमच्या ओळखीचे एक मराठी गुरुजी तिथे तर्पण सांगतात. पायरीवर एक जागा रिकामी दिसली, मी बसलो. गुरुजी ओळीने प्रत्येकाच्या हातात दर्भ देत आले, वर न बघताच.

"वडील?"

"आहेत," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. "अरे, फोटोग्राफर. मग ऊठ बाबा, ज्यांचे आहेत त्यांनी इथे बसायचं नसतं. जागा अडवतोस, मागे लोक उभे आहेत."

शेजारचा एक मुंडन केलेला माणूस म्हणाला, "नशीबवान आहेस, जा घरी." सगळे हसले. एरवी मीही हसलो असतो. उठलो, पण पायऱ्या उतरताना मला सारखं वाटत होतं की मी तो शब्द जरा उशिरा उच्चारला. आहेत, म्हणायच्या आधी मी थांबलो होतो. गुरुजींना कळलं नसेल. मला कळलं.

त्या दिवसांत मी एकही फोटो काढला नाही. आधी काढलेले मात्र बघत बसलो. बाबांच्या कंपनीचे सगळे ग्रुप एकेक उघडून. इतकी माणसं, इतके चेहरे, काहींची तर नावंही लक्षात होती. एका फोटोत पायऱ्यांच्या पार वर, फ्रेमच्या काठाला, एका माणसाचे पाय दिसले. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, हातात काहीतरी भांडं. ते बाबा असतील का? ज्या दिवशी ते नाव बघायला आले होते, त्या दिवसाचा असेल का? भांडं कसलं ते ओळखू येईना. मी तेवढाच भाग कापून मोठा केला तर नुसते ठिपके झाले.

मग एका दुपारी, मी स्टोव्हवर खिचडी टाकलेली असताना, फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"तू आचारीकाकांचा मुलगा ना रे?" एका वयस्कर बाईंचा आवाज. "मागच्या यात्रेत घाटावर आमचा फोटो काढला होतास बघ. माझे डोळे मिटलेले आलेत त्यात. प्रिंट पिशवीतच होती, मागच्या शिक्क्यावर तुझा नंबर होता म्हणून बरं. थांब, देते."

मग थोडी खरखर, आणि बाबा.

"जेवलास का?"

"खिचडी टाकली आहे," मी म्हणालो.

"पाणी जास्त घाल. तुझी कोरडी होते."

"बाबा, कुठे होता तुम्ही?"

"दरडीच्या पलीकडे. टेम्पो पुढे गेला होता. फोन पाण्यात पडला. आज रस्ता उघडला, आत्ता बस भेटली." ते खोकले. "शिधा सगळा आमच्याकडे, आणि खाणारे अलीकडे. पलीकडे ट्रकवाले, बाया-पोरं, पुष्कळ जण अडकलेले. मग त्यांनाच घातलं. मॅनेजर आता तोंड सोडेल, सोडू दे. ह्यांना तिथल्या धर्मशाळेत नुसती खिचडी मिळत होती म्हणे."

म्हणजे तो फोटो जुनाच होता.

"तुम्ही येणार होता," मी म्हणालो. "बोलायचं आहे म्हणाला होता."

"हां. ते आता असंच सांगतो." मागे माणसांचा गलका होता, कुणीतरी चहा मागत होतं. "ही माझी शेवटची फेरी. दिवाळीच्या आत येतो. खोली बघून ठेव. लहान चालेल."

"कुठे बघू?"

"तुझ्या कॉलेजजवळ बघ. आणि ओटा उंच असेल असं बघ. आता वाकून स्वयंपाक होत नाही माझ्याच्याने."

मी हो म्हणालो. अजून काही विचारणार होतो, पण पलीकडे पुन्हा त्या बाईच होत्या.

"गेले रे ते," त्या म्हणाल्या. "आमचा चहा टाकायला."