काचपेटीमागचं निळं

शेवाळाचा वास आला की वडिलांची काचपेटी आठवते. इंग्रजांच्या राज्यात, प्रकाशा गावी, त्यांनी तीत तापीतले मासे सोडले आणि कधी नव्हे ते लाडाने मला म्हणाले, "मांगे निळं काही लाव माय, मासा उठीसन दिसतीन." वारलेल्या आईच्या लुगड्याचा निळा तुकडा मी जीवापाड जपला होता, तोच खळीने काचेमागे चिकटवला. दुसऱ्या सकाळी फळांच्या करंड्यांबरोबर पेटीही गाडीत चढली. जंगलाचा ठेका मिळावा म्हणून दौऱ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबाच्या तंबूवर नजराणा चालला होता. मी गाडीला लोंबकळले, "बा, कपडा तं ऱ्हाऊ द्या!" वडील शांतपणे म्हणाले, "साहेबले निळंच आवडस." काल नवी काचपेटी मांडताना नातीने विचारलं, "आजी, माशांच्या मागे काय लावू?" म्हटलं, "काही नको. भिंत दिसू दे."