रुखवतातल्या काळपट कुरडया

मागच्या मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या कुरडयांची पावसाने पार खीर केली. मे महिन्यात! पूर्वी नाशिकला मेमध्ये आभाळ आलं, तर आम्ही वाळवण घातलेल्या बायका वर बघून नुसत्या हसायचो.

म्हणून यंदा शेजारच्या वहिनींच्या लेकीचं लग्न ठरलं आणि रुखवताचा विषय निघाला, तेव्हा मी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "वहिनी, पावसाच्या नाकावर टिच्चून कुरडया फेब्रुवारीतच उरकू!"

"अहो, थंडीत गहू आंबतील का?"

"थंडी? पंखे लागलेत घरोघरी!"

चीक शिजला, सोऱ्या फिरला, गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया बसल्या. मी कॉलनीभर फोटो पाठवले. आणि दुपारी मागचा डोंगर पेटला. एरवी हा वणवा होळीनंतर लागायचा. यंदा गवत आधीच वाळून कोरडंठाक झालं होतं. वारा नेमका आमच्याकडे. ओल्या कुरडयांवर राख चिकटून बसली. वहिनी एकेका कुरडईवर फुंकर मारत बसल्या. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुन्हा घालू म्हटलं, तर मार्चभर अवकाळी ढग. विकतच्या आणू म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "लेकीच्या रुखवतात विकतच्या नकोत."

लग्नात चांदवडच्या विहीणबाई रुखवतातल्या त्याच कुरडयांसमोर थांबल्या. "ह्या अशा काळपट कशा?"

वहिनींचं तोंड उतरलं. माझ्यातली नटी पुढे सरसावली. "नागलीच्या आहेत हो! खास पेठहून नागली मागवली." हातवारे करत मी ती नाचणी दळली, गाळली, शिजवलीसुद्धा.

विहीणबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "गहू आहे हा. आणि वर राख."

"डोंगर पेटला होता," वहिनी हळूच म्हणाल्या. "धुवाव्यात तर विरल्या असत्या. पण हातच्या आहेत."

"मग सरळ सांगायचं की! आमच्या तर मेच्या पावसात बुरशी येऊन उकिरड्यावर गेल्या." त्यांनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळल्या, "पण बाई, तुमच्या त्या नागलीच्या तेवढ्या पाठवा हं."

सगळ्या खो-खो हसल्या. वहिनीसुद्धा. मी खाली वाकून शंकरपाळ्यांचा डबा सरळ करत राहिले. तो सरळच होता.