खिडकीबाहेरचा हात
बंद डब्यातूनही सुकटीचा वास हॉस्टेलच्या खोलीभर पसरतो आणि मला बाबांचा मासळीचा टेम्पो आठवतो. कॉलेजप्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता, एक वाजता कॉलेजातली अर्जाची खिडकी बंद होणार होती, आणि बाबा द्रुतगती मार्गाला मिळणाऱ्या रस्त्यावर टेम्पो थांबवून बसले होते. आमच्या रेवदंड्यात त्यांनी टेम्पोतून हात बाहेर काढला की ओळखीचे लोक थांबतात. इथेही त्यांनी तसाच हात काढला होता. उजवीकडून ट्रक सुसाट जात होते. मागचा गाडीवाला ओरडला, "ओ काका, आमंत्रण पाहिजे काय?" बाबांचा शर्ट घामाने भिजला होता. "कुनी थांबत न्हाय, पोरी. परत जाऊ." साडेबारा झाले होते. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. मला रडूच फुटलं. "बाबा, खाडीतून बाहेर पडताना लाटेला हात दाखवता का? वेग घेऊन दोन लाटांमधून होडी काढता ना? पुढे मोठ्या रस्त्यात शिरेपर्यंत आपला वेगळा पट्टा मोकळा आहे. तिथे वेग घ्या, आरशात बघा." त्यांनी हात आत घेतला, सिग्नल दिला, टेम्पो पळवला, आणि दोन ट्रकांमधल्या मोकळ्या जागेत आम्ही शिरलो. "निघाली होडी लाटंतनं," ते पुटपुटले. मला प्रवेश मिळाला. परतीला बाबांना तोच रस्ता एकट्याने धरायचा होता, हे मात्र हॉस्टेलच्या खोलीत सामान ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. आजही ते डबा देऊन निघाले, की घरी पोचल्याचा त्यांचा फोन येईपर्यंत मला तो डबा उघडवत नाही.