परक्या दोरीवरचे कपडे

नातीनं सांगितलं तेव्हा मला वाटलं, पोर थट्टा करते.

"आजोबा, आपण हॉटेलात नाही राहायचं. एका खोलीत आठ खाटा असतात, एकावर एक. कोण कुठला, कोण कुठला, सगळे त्यातच झोपतात."

"धर्मशाळा म्हण की."

"धर्मशाळाच. फक्त देव नाही आणि वाय-फाय आहे."

ही माझ्या लेकाची मुलगी. ऐरोलीला कंपनीत कामाला आहे. वर्षातून एकदा रजा टाकते, पाठीवर सॅक मारते आणि स्वस्तात परदेश फिरून येते. या खेपेला व्हिएतनामला निघाली होती, म्हणाली, आजी आणि तुम्ही, दोघं चला. लेक उलव्याला नव्या बिल्डिंगीत राहतो. तिकडून फोनवर ओरडला, "बाबा, या वयात डॉर्मिटरीत? लोक हसतील." मी चौथी नापास माणूस. पण लोक हसतील म्हणून मी आजवर काही सोडलेलं नाही. म्हटलं, जाणार म्हणजे जाणार.

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोचं डोकं विसरायला लागलं होतं. बेलापूरच्या बाजारात जिनं जन्मभर मासळी विकली, कुठल्या बाईला कालवं लागतात आणि कुठली नुसती भाव विचारून जाते हे जी लांबून ओळखायची, ती आपल्या भावाचं नाव विसरली. मग एकदा आमच्या दिवाळे गावात आपल्याच दारावरून पुढे निघून गेली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी मागून गेलो, म्हटलं, "चल, चहा टाकलाय." काही झालंच नाही असं करून आणली.

लोकांना मी सांगितलं, तिचे कान गेले. सांगितलेलं ती विसरली की त्यांना वाटायचं, ऐकलंच नसेल. खपून गेलं. लेक, सून, नात, शेजारी, सगळे तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. ती वैतागायची. "मी काय बहिरी हाय? बोंबलता कशाला?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

लपवलं याची मला लाज नाही. जिच्यापुढं अख्खा बाजार दबून असायचा तिला गावानं 'बिचारी' म्हणायचं? ते मला चालणार नव्हतं. आणि बघितलेलं कळतंय तोवर तिनं चार ठिकाणं बघावी, एवढंच मनात होतं.

विमानात नातीनं आम्हाला नियम सांगितले. खोलीत मोठ्यानं बोलायचं नाही. कुणी झोपलं असेल तर दिवा लावायचा नाही. पहाटे निघायचं असेल तर सामान आदल्या दिवशीच बांधून ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशव्यांचा आवाज करायचा नाही. फ्रिजमध्ये आपल्या डब्यावर नाव लिहायचं, दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही. आपलं भांडं आपण घासायचं. दुसऱ्याच्या खाटेवर बसायचं नाही. आणि कुणाला तुझं लग्न झालं का, पगार किती, आईबाप काय करतात, हे अजिबात विचारायचं नाही.

"मग बोलायचं काय?"

"कुठून आलात आणि पुढं कुठं जाणार, एवढंच."

मला ते पटलं. मासेमारीला होडीवर जायचो तेव्हा आमचंही असंच असायचं. चार हात जागेत माणसं निजायची, ज्याची जागा त्याची. दुसऱ्याच्या पथारीवर पाय दिला तर भांडण. म्हटलं, अशी सॅक मारून फिरणारी गोरी पोरं दिसायला गबाळी, पण यांना जागेची किंमत माहीत आहे.

दोन दिवस फार चांगले गेले. समुद्राकाठचं छोटं गाव होतं. तिकडच्या बायाही टोपलीत मासळी घेऊन रस्त्यावर बसतात. बायको तिथं जाऊन उकिडवी बसली, एका मासळीचा कल्ला उचलून बघितला आणि मला म्हणाली, "कालची हाय." त्या बाईला भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. तिनं खालची ताजी काढून दाखवली. दोघी हसल्या. नातीनं फोटो काढला. मी बाजूला उभा होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला वाटलं, गेलेलं परत आलं.

खोलीत थोडा त्रास व्हायचा. आजीला ऐकू येत नाही या समजुतीनं नात तिच्याशी ओरडून बोलायची, आणि वरच्या खाटेवरचा लांब केसांचा एक पोरगा डोळ्यांवरची पट्टी वर करून बघायचा. नात सॉरी म्हणायची. आजी म्हणायची, "कोन मेलंय का? सगली गप का?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जरा पडलो होतो. नात पुढच्या बसची तिकिटं काढायला गेली होती. जाग आली तर खोलीत गडबड. एक उंच मुलगी आपली सॅक उलटी करून शोधत होती. लांब केसांचा पोरगा गच्चीवरून उतरला आणि हात हलवून काहीतरी बोलला. गच्चीवर दोरी होती, सगळे तिथंच कपडे वाळत घालायचे. दोरी रिकामी होती.

बायको आपल्या खाटेवर पाय सोडून बसली होती. तिच्या खाटेखालच्या लोखंडी कप्प्याला आमचं कुलूप होतं. किल्ली तिच्या पदराला पिनेनं लावलेली. कप्प्याच्या फटीतून हिरव्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं. त्या उंच मुलीनं ते बघितलं.

तेवढ्यात नात आली. खालचा काउंटरवाला वर आला. कप्पा उघडला. आत सगळ्यांचे कपडे होते, नीट घडी घालून ठेवलेले. शर्ट एकीकडे, पँट एकीकडे, मोजे जोडीनं गुंडाळलेले. बायकांचे आतले कपडे टॉवेलखाली झाकलेले, आमच्या घरी ठेवतात तसे.

उंच मुलगी ओरडायला लागली. शिवी कुठल्याही भाषेतली असो, तोंडावरून कळते. नात पुढे झाली. ती म्हणाली काहीतरी, कानाला हात लावून दाखवलं. मला कळलं, आजीला ऐकू येत नाही असं सांगते. काउंटरवाल्यानं मान हलवली. कानाचा आणि कपड्यांचा काय संबंध? बरोबरच होतं त्याचं.

बायको घाबरली होती. मला म्हणाली, "पोरांचे कपरे हायत. दव पडंल म्हनून आनले. ही कोन बाई? आपल्या घरात कशी आली?"

नात तिच्याजवळ गेली. "आजी, हे आपलं घर नाही," ती हळू म्हणाली. पहिल्यांदाच हळू.

मी उठलो. "मी ठेवले ते," म्हटलं. "सांग त्यांना. म्हातारा म्हण, चुकला म्हण." चोर म्हणाले असते तरी मला चाललं असतं. पण नातीनं ते सांगितलंच नाही. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही झोपला होता. किल्ली आजीकडे आहे. काय झालंय तिला?"

दारात माणसं जमली होती. उंच मुलगी मोबाइलवर बायकोचा फोटो काढायला लागली. ते बघितलं आणि मी मध्ये गेलो, बायकोला पाठीशी घातलं.

"हिला आठवत नाही," मी म्हटलं. "कान चांगले आहेत हिचे. डोकं विसरत चाललंय. कधी आपलं घर कळतं, कधी नाही. सांग यांना. हिनं आयुष्यात कुणाचं काही उचललं नाही, तेही सांग."

मी एवढं मराठीत बोललो, पण त्या मुलीनं मोबाइल खाली घेतला. नातीनं इंग्रजीत सांगितलं. फार थोडे शब्द लागले. सांगताना ती आजीकडेच बघत होती, कारण तीही ते आत्ताच ऐकत होती.

मग एकेकानं येऊन आपापले कपडे घेतले. घडी मोडू नये असे दोन्ही हातांवर घेतले. मुलीनं फोटो पुसला, नातीला दाखवून पुसला. कुणी काही विचारलं नाही. कधीपासून, औषध चालू आहे का, मुलं काय करतात, काही नाही. त्यांचा नियमच तो. गावात असतो तर रात्रीपर्यंत वीस जणांनी येऊन हळहळ केली असती.

सकाळी ती उंच मुलगी निघाली. सॅक पाठीवर होती. जाता जाता बायकोसमोर थांबली आणि आपला ओढणीसारखा रुमाल मुद्दाम चुरगळून तिच्या मांडीवर ठेवला, घडी घाल म्हणून. वाईट वाटलं असेल बिचारीला. बायकोनं रुमाल बघितला, मुलीला बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मी काय हिची मोलकरीन हाय?"

मुलीला वाटलं, आशीर्वाद दिला. तिनं हात जोडले. नात खुदकन हसली, आणि मग तोंड भिंतीकडे करून रडायला लागली.

पुढचे दिवस नातीनं आजीचा हात सोडला नाही. ओरडून बोलणंही बंद झालं. परतीच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "पप्पांना मी सांगू?"

"तू तोंड उघडायचं नाही. माझा मुलगा आहे, मी सांगेन."

विमानात बसून सगळं मनात जुळवलं. आधी मासळीवाल्या बायकांचं सांगायचं, तो फोटो दाखवायचा. मग हळूच दुसऱ्याचं उदाहरण देऊन, अमक्याच्या आईला कसं झालं, असं करत आपल्यावर यायचं. घरी पोचल्यावर, जेवण झाल्यावर.

लेक गाडी घेऊन न्यायला आला होता. नात पुढे बसली, आम्ही मागे. बायको रस्ता बघत होती. वाशीचा पूल आला, खाली खाडीला भरती होती. ती पुढे वाकली.

"भाऊ, दिवाल्याला सोडा. मासलीबाजाराजवल."

लेक हसला. मोठ्यानं म्हणाला, "हो बाई, सोडतो की. भाडं काय देणार?"

"मीटरनं काय होईल ते. बाईमानूस बघून फसवू नको."

"वा! परदेश फिरून आल्यावर आमची आई भारी चेष्टा करायला लागली."

बायको मागे सरली. माझ्या दंडाला धरून, कानाशी येऊन विचारलं, पण गाडीच्या काचा बंद, सगळ्यांना ऐकू गेलं.

"हा मला आई का म्हनतो?"

लेकाचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही. नातीनं मान खाली घातली होती.

"बाबा?"

जुळवलेलं सगळं गेलं डोक्यातून.

"पूल उतरला की गाडी बाजूला घे," मी म्हटलं. "सांगतो."

त्यानं पुलावरच डावीकडे वळायचा दिवा लावला. बायको पर्समधून सुटे काढून मुठीत धरून बसली होती.