जांभळापाशी पाण्याची रांग

"सांड की गं जरा!"

सोलापुरात पाणी सांडायला सांगणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शाळेतली पाणीवाली मावशी. मधल्या सुट्टीत कमरेवर हंडा घेऊन यायची आणि तांब्याने एकेकीच्या ओंजळीत पाणी ओतायची. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी आणि रागावली की दोन्ही एकदम.

तुम्हाला वाटेल, बाई उधळी होती. छे! मैदानाच्या कोपऱ्यात तिने जांभळाचं वीतभर रोप लावलं होतं. त्या वर्षी पाऊस फिरकला नाही, शाळेची विहीर तळाला गेली आणि मोठ्या बाईंनी हुकूम काढला, "पाणी फक्त मुलींना प्यायला. झाडांना थेंबही नाही."

मावशीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची रांगच उचलून रोपापाशी नेली. मुलीने आळ्यावर वाकून प्यायचं; ओंजळीतून गळेल ते रोपाचं. मोठ्या बाई पाहायला आल्या, तर म्हणते कशी, "पोरीच पितात की ओ बाई. हात ल्हान हायत, गळतंय थोडं."

या सुरेख बेतात मिठाचा खडा कोण? अस्मादिक. पाचवीत होते. दोन घट्ट वेण्या आणि त्याहून घट्ट ओंजळ. घरी थेंब सांडला तरी आई डोळे वटारायची, त्यामुळे माझ्या हातून टिपूस गळत नसे आणि त्याचा मला कोण गर्व! मावशी कानाशी कुजबुजायची, "सांड की गं जरा!" मला वाटायचं, ही माझ्यावर जळते. एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? वर्गातल्या मुलींना भिंतीशी उभं करून मी ओंजळीचे धडे देऊ लागले. करंगळ्या चिकटवा, अंगठे आत! बघता बघता अख्खी पाचवी तरबेज झाली आणि रोपाने मान टाकली.

मग मावशीने मला वेणी धरून बाजूला घेतलं.

"बाई, तुजी शाळा बंद कर की आता."

"का? पाणी वाचतंय की!"

"व्हय, आन हे मरतंय." तिने एक पिवळं पान माझ्या तळहातावर ठेवलं. "पानी सांडत न्हाई म्हनून पोरीला रागवायचं तरी कसं?"

दुसऱ्या दिवसापासून मला एका सुट्टीत तीनतीनदा तहान लागू लागली. भिजलेला फ्रॉक पाहून आई विचारायची, "पाणी प्यालीस की अंघोळ केलीस?" रोपाला तांबूस पालवी फुटली, तेव्हा मावशीने आपला ओला हात माझ्या गालाला पुसला. तिचं कौतुक हे असं.

परवा नातीच्या प्रवेशासाठी त्याच शाळेत गेले. पत्र्याच्या वर्गांजागी तीन मजले, मैदानभर फरशा, व्हरांड्यात थंड पाण्याचं यंत्र आणि प्रत्येक पोरीच्या गळ्यात बाटली. ओंजळ कुणालाच लागत नाही. बरंच झालं म्हणा. पण मी कोपऱ्याकडे वळले. फरशा बसवणाऱ्यांनी झाड ठेवलं असेल?

"आजी, जपून हं," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "जांभळांनी नुसता राडा केलाय. गणवेशावरचे डाग निघत नाहीत."

मला त्या बाईंना मिठीच मारावीशी वाटली.

दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत डोकावणारं झाड, खाली जांभळ्या झालेल्या फरशा. मावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली. या झाडाचं एखादं तरी जांभूळ तिच्या तोंडी लागलं होतं की नाही, कोण जाणे.

बुंध्याभोवती मातीचं कडं राखलंय. तिथे वाकले आणि नातीला म्हटलं, "काढ बाटली. ओत माझ्या ओंजळीत."

संधिवाताने आता माझ्या करंगळ्या एकमेकींना भेटतच नाहीत.

"अगं आजी, सगळं सांडतंय!"

"सांडू दे की गं. तू ओत."