जूचंद्रच्या मावशीचं घर

नायगाव पूर्वेची ती एजंटबाई पोलीस ठाण्यात आली, तो दिवस मी विसरू शकलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरीही निवृत्तीनंतर कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हणालं, की मला आधी तीच आठवते. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बहुतेक माणसं आजही याच भागात राहतात.

तेव्हा मी वसई पूर्वेच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्र तोंडावर होतं. सकाळची हजेरी घेऊन मी बंदोबस्त वाटून देत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, बाहेर एक इस्टेट एजंट बाई बसल्यात. तक्रार काय ते सांगत नाहीत. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात."

घराच्या व्यवहारातली भांडणं आमच्याकडे रोजची. कुणी दलाली बुडवलेली असते, कुणी ताबा दिलेला नसतो. तसंच काही असेल म्हणून मी त्यांना आत बोलावलं. चाळिशीच्या बाई होत्या, साधा ड्रेस, आवाज शांत. नोंदणीकृत एजंट, स्टेशनजवळ स्वतःचं छोटं ऑफिस. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, गुन्हा झालाय असं मी म्हणत नाही. पण एका घराची मालकीण मला मालकीण वाटत नाही."

मी हातातला कागद बाजूला ठेवला.

घर जूचंद्रला होतं. मालकीण एक विधवा, सत्तरीच्या पुढची, तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली. नवऱ्याची खाडीकाठची जमीन बिल्डरकडे गेली आणि त्या बदल्यात तिला इमारतीत एक फ्लॅट मिळाला. मूलबाळ नव्हतं. बहीण लवकर वारली, म्हणून बहिणीचा मुलगा हिनेच वाढवला. सगळी इमारत तिला मावशी म्हणायची. आता हाच भाचा तिचा फ्लॅट विकायला काढत होता. घेणारं जोडपं नोकरदार, मूळचं कोकणातलं, नायगावात भाड्याने राहणारं. त्यांचं कर्जही मंजूर झालं होतं.

"कागद मी नंतर बघते," बाई सांगू लागल्या. "आधी मालकाला त्याच्याच घरात भेटते. माणूस आपल्या घरात कसा वावरतो, त्यावरून पुष्कळ कळतं. गिऱ्हाइकांना बाथरूम दाखवायचं होतं. मी म्हटलं, मावशी, जरा लाइट लावा. तर त्या आत हात घालून भिंत चाचपत राहिल्या. बटण बाहेर होतं, फ्रिजच्या बाजूला. एवढी वर्षं त्या घरात काढलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो."

"म्हातारं माणूस आहे, विसरलं असेल."

"मीही तसंच म्हटलं स्वतःला. पण निघताना त्या म्हणाल्या, 'वाईच पाणी तरी घ्या की.' साहेब, माझं माहेर खाडीपलीकडच्या गावातलं. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या तोंडी 'पाणी' येत नाही, 'पानी' येतं. आणि 'वाईच' तर घाटावरचं."

"माहेर घाटावरचं असेल तिचं."

"विचारलं ना भाच्याला. तो म्हणाला, मावशीचा जन्म इथलाच, कधी गाव सोडलं नाही. मग मी म्हटलं, मला मावशींशी एकटीशी बोलायचंय. त्या दिवसापासून त्याने माझा फोन उचलणं बंद केलं."

पुढचं मला अंदाजाने कळलंच. भाच्याने परस्पर जोडप्याला गाठलं होतं. एजंटला मधून काढा, तिची दलाली वाचेल, असं सांगितलं होतं. जोडप्याला ते पटलं. या बाईंनी त्यांना सावध करायचा प्रयत्न केला, तर त्यांना वाटलं, ही अडवणूक करतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्ट्रेशन ठरलं होतं. बाईंना ते बँकेच्या माणसाकडून कळलं.

मी त्यांना सरळ विचारलं, "व्यवहार तर तुमच्या हातून गेला. मग यात तुमचं आता काय जातंय?"

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, "माझं जायचं ते गेलं. ती खरी बाई कुठे आहे, साहेब?"

मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि बीटच्या हवालदाराला साध्या कपड्यांत त्या इमारतीत पाठवलं. भाडेकरू म्हणून खोली बघायला आलोय असं सांगून तो सगळ्या मजल्यांवर फिरला. दुपारी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

पावसाळ्याच्या आधीपासून मावशी कुणालाच दिसली नव्हती. शेजारणीला भाच्याने सांगितलं होतं की ती नातेवाइकांकडे निर्मळला आहे. वॉचमनला सांगितलं होतं, दवाखान्यात आहे. तळमजल्यावरच्या किराणावाल्याला सांगितलं होतं, तीर्थयात्रेला गेली. खरं बोलणाऱ्याचं उत्तर सगळ्यांना एकच असतं. खोटं बोलणारा समोरचं माणूस बघून उत्तर शिवतो, आणि ही माणसं कधी एकत्र बसून बोलतील हे त्याच्या लक्षात येत नाही. एकट्या म्हाताऱ्या बाईचं घर आणि महिनोन्‌महिने न दिसलेली म्हातारी बाई. पोलीस माणसाच्या मनात जे यायचं तेच माझ्या मनात आलं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रजिस्ट्रेशन कार्यालयाबाहेर थांबलो. भाचा आला, सोबत डोक्यावर पदर घेतलेली वयस्कर बाई. जोडपं आधीच येऊन रांगेत बसलं होतं. आत जायच्या आधीच मी त्यांना बाजूला घेतलं आणि चौघांनाही ठाण्यात यायला सांगितलं.

ठाण्याच्या पायरीवर एजंटबाईंना पाहून जोडप्यातल्या तरुणाचा तोल गेला. "या बाईंना दुसरं गिऱ्हाईक मिळालं असणार, साहेब! आम्ही कर्ज काढलंय, खोली सोडायची नोटीस दिलीय. यांची दलाली गेली म्हणून आमचं घर मोडतायत या!"

त्याच्या बायकोने त्याचा दंड धरला. "थांब जरा. त्या बाईंनी काल मला फोन करून एकच विचारलं होतं. मावशी तुझ्याशी एक वाक्य तरी बोलल्या का? मला आठवेना."

मी भाच्याला आणि त्या वयस्कर बाईला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. भाचा पस्तिशीचा, नीटनेटका, बोलण्यात तरबेज. "मावशी माझी, घर तिचं, राजीखुशीने विकतेय. पोलिसांना यात काय त्रास?" त्याने मावशीचं आधार कार्ड पुढे केलं. त्यावरचा फोटो इतका पुसट होता की कुठलीही वयस्कर बाई त्यात खपली असती. मी त्याला बोलू दिलं. चौकशीत पुष्कळांना वाटतं की दरडावून विचारलं की माणूस बोलतो. माझा अनुभव वेगळा आहे. तयारीने आलेल्या माणसाशी वाद घातला, की तो आणखी घट्ट होतो. त्याला तसाच सोडून मी दुसऱ्या खोलीत गेलो.

ती बाई महिला हवालदारासमोर खाली मान घालून बसली होती. नाव विचारलं, मावशीचं नाव सांगितलं. गाव विचारलं, जूचंद्र म्हणाली. शिकवलेलं सगळं पाठ होतं. पण माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. नखं अगदी मुळापासून कापलेली, बोटांची कातडी फिनेलने सोलल्यासारखी. असे हात मी इस्पितळात पाहिले होते, रुग्णांचं करणाऱ्या बायकांचे.

मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि आवाज न चढवता विचारलं, "म्हातारीला मारून कुठे टाकलंत?"

तिने झटकन मान वर केली. पदर खांद्यावर घसरला, तो सावरायचंही भान तिला राहिलं नाही. "मारून? अवो, काय बोलताय साहेब! कालच न्हाऊ घातलंय मी तिला! माझ्या हातानं वेणी घातलीय!"

बोलून गेली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. महिला हवालदाराने तिला पाणी दिलं. मग ती थांबली नाही. ती मूळची साताऱ्याकडची. वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एका खासगी वृद्धाश्रमात आया होती. भाच्याने मावशीला तिथे वेगळ्याच नावाने ठेवलं होतं. म्हातारीला चालवत नाही, तिच्याच औषधपाण्यासाठी घर विकतोय, तू फक्त तिच्या जागी बस आणि अंगठा दे, असं त्याने हिला सांगितलं होतं. हिला थोडं कळत होतं, थोडं कळून घ्यायचं नव्हतं. दिवसा म्हातारीची सेवा करायची आणि तिचंच घर विकायला तिचंच नाव घेऊन बसायचं, हे तिने कसं जमवलं, ते मला आजही नीट समजलेलं नाही. पण तिचं रडणं नाटकी नव्हतं.

आम्ही तडक निघालो. महिला हवालदार सोबत होती, आणि मी एजंटबाईंनाही गाडीत घेतलं. म्हातारीशी तिच्या बोलीत बोलणारं कुणीतरी हवं होतं.

आश्रमाच्या पडवीत बऱ्याच म्हाताऱ्या बसल्या होत्या. कोणती आपली, ते आम्हाला शोधावं लागलं नाही. एजंटबाईंनी दारातूनच हाक मारली, "जूचंद्रची मावशी कोन गो?" आणि कोपऱ्यातली एक बारीकशी बाई भिंतीला धरून उभी राहिली. कित्येक महिन्यांत तिला तिच्या गावाच्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. ती पुढे आली. खाकी कपड्यांकडे तिने पाहिलंही नाही. एजंटबाईंचा हात धरला आणि विचारलं, "रंग सुकला का गो?"

आम्हाला काही कळेना. मग उलगडलं. भाच्याने तिला सांगितलं होतं की घराला रंग काढायचाय, वासाने तुला दम लागेल, सुकेपर्यंत इथे रहा. मध्ये एकदा येऊन म्हणाला होता, पावसाळी हवा आहे, रंग ओलाच आहे. त्यानंतर आला नव्हता.

खरं कुणी सांगायचं हा प्रश्न होता. ते काम माझं होतं, पण तिची बोली मला येत नव्हती. एजंटबाईंनी तिला बाकावर बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसल्या आणि तिच्या बोलीत, काही न लपवता, सगळं सांगितलं. रंग काढलेलाच नाही, भाचा घर विकत होता, तुमच्या जागी दुसरीला उभी केली होती. म्हातारी ऐकत राहिली. रडली नाही. शेवटी म्हणाली, "मना ठाव होता. रंग एवरं दिस वला नाय ऱ्हात."

महिला हवालदाराला राहवलं नाही. "मग आजी, कुणाला बोलला का नाहीत?"

"बोलली आस्ती, त खरा झाला आस्ता."

आम्ही तिला गाडीत घेऊन ठाण्यात परतलो.

ठाण्यात जबाब घ्यायच्या वेळी ती मायेने विरघळेल, काही नाही झालं म्हणून उठून जाईल, अशी मला धास्ती होती. अशा किती तरी केसेस आईबापांच्या एका वाक्यावर बंद झालेल्या मी पाहिल्या होत्या. पण तिने फक्त एक अट घातली. "त्याला माज्या पुरं आनू नका. मंग मना बोलता नाय येवाचा." भाच्याला आम्ही मागच्या खोलीत ठेवलं. "आता लिवा," ती म्हणाली. "जा झाला ता सगला लिवा." आणि लहानपणी त्याला ताप आला तेव्हापासून सुरुवात केली. आमच्या लेखनिकाने त्यातलं कामाचं तेवढं लिहिलं, पण ऐकलं सगळं. शेवटी तिने अंगठा उमटवला.

तोतयेगिरी, फसवणुकीचा प्रयत्न आणि ज्येष्ठ नागरिकाला वाऱ्यावर सोडणं, असा गुन्हा दाखल झाला. जोडप्याने फिर्याद दिली. भाच्याला अटक झाली, पुढे जामीन मिळाला. आयाने न्यायाधीशांसमोर जबाब दिला. मी निवृत्त झालो तेव्हा खटला सुरूच होता; मावशी आपल्या घरी परतली होती, एकटीच राहत होती. त्या तरुणाने एजंटबाईंची माफी मागितली की नाही, मला माहीत नाही. पण त्या जोडप्याने पुढच्या वर्षी घर घेतलं, ते एजंटबाईंमार्फतच, एवढं कानावर आलं.

घर घेणारा माणूस क्षेत्रफळ बघतो, पाणी बघतो, स्टेशन किती लांब ते बघतो. विकणारं माणूस कुठून आलं आणि कुठे जाणार, हे विचारायला त्याला सवड नसते. ते विचारणारं कुणीतरी मध्ये असावं लागतं. आमच्या खात्यात दलाल हा शब्द आम्ही शिवीसारखा वापरायचो. त्या केसनंतर मी तरी तो तसा वापरला नाही.

मागच्या वर्षी मला गिरीजच्या बाजूला मुलीसाठी घर बघायचं होतं, म्हणून मी त्यांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर एका फळीला विकाऊ घरांच्या किल्ल्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी. एक किल्ली वेगळी, दाराजवळच्या खिळ्याला होती. तिला चिठ्ठी नव्हती. माझ्या आधी आलेल्या गिऱ्हाइकाने तिकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे घर कुठलं?"

"ते जूचंद्रचं, विकायचं नाही," बाई म्हणाल्या. "तिथे एक आजी एकट्याच राहतात. एखाद्या सकाळी त्यांनी दार उघडलं नाही, तर उघडायला कुणीतरी हवं."